घारापुरीचे लेणे कोणी कोरवले? ऐहोळे-वेरूळ पाहिलेल्या सोलापूरकरांसाठी एक चर्चा

भुईकोट (धागाकर्ता)

सोलापूरकरांचा घारापुरीशी, म्हणजे मुंबईजवळच्या एलिफंटा बेटाशी, संबंध बहुधा एका मोकळ्या सकाळीपुरता असतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईत उतरायचे, काम दुपारनंतरचे असेल तर गेटवेवरून लाँच पकडायची, त्रिमूर्तीसमोर छायाचित्र काढायचे आणि परत फिरायचे. यात गैर काही नाही. परंतु या लेण्याचा इतिहास समजून घेण्याचे निम्मे साहित्य बेटावर नसून विजयपूरच्या पलीकडे ऐहोळे-बादामीत आणि वेरूळच्या डोंगरात आहे, म्हणजे मुंबईपेक्षा आपल्याला जवळ आहे, आणि तरीही आपण ते लेणे केवळ मुंबईच्या सहलीतले एक ठिकाण म्हणून पाहतो, याचे मला नवल वाटते.

मूळ प्रश्न सरळ आहे. मुख्य लेणे कोणाच्या आश्रयाने आणि केव्हा कोरले गेले? बेटावर याचे उत्तर देणारा एकही शिलालेख आज नाही. लेण्याजवळ लेख कोरलेला एक दगड होता, तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवण्यात आला आणि तिथे तो कोणालाही वाचता आला नाही, असे दियोगु दु कोउतु या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. पुढे त्या दगडाचा पत्ताच लागला नाही. त्यामुळे भारतातील सर्वांत महत्त्वाच्या शैव लेण्यांपैकी एकाचा कर्ता अनुमानानेच ठरवावा लागतो, आणि ही पोकळी भरून काढायला लोकांनी कधी पांडवांना तर कधी बाणासुराला पुढे केले.

एके काळी हे लेणे राष्ट्रकूटांचे, म्हणजे आठव्या शतकातले मानले जाई. आज बहुतेक अभ्यासक ते सहाव्या शतकाच्या मध्यावर नेतात. कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी त्याचा संबंध कलचुरी राजा कृष्णराज याच्याशी जोडला. या राजाचा काळ साधारण इ. स. 550 ते 575 असा धरला जातो. तो स्वतःला ‘परममाहेश्वर’, म्हणजे शिवाचा परमभक्त, म्हणवून घेई, त्याच्या नाण्यांवर बसलेला नंदी असे, आणि त्याची तांब्याची लहान नाणी घारापुरीवर सापडली आहेत. कमी मोलाचे नाणे फार दूर प्रवास करत नाही. ते जिथे सापडते, तिथे रोजची देवघेव त्यात होत असावी असे मानायला जागा असते. कारागिरांची मजुरी या नाण्यांत दिली गेली असावी, हा तर्क मला पटतो. वेरूळच्या एकविसाव्या, म्हणजे रामेश्वर लेण्यासमोरही त्याच राजाची नाणी मिळाली आहेत.

वेरूळचे एकोणतिसावे लेणे, ज्याला धुमार लेणे म्हणतात, ज्यांनी पाहिले असेल त्यांना घारापुरीत शिरताच आराखडा ओळखीचा वाटेल. तीन बाजूंनी उघडा विशाल मंडप, त्यात भिंतींपासून सुटा, चार दारांचा लिंगगाभारा, दाराशी उभे महाकाय द्वारपाल, आणि भिंतींवर रावणानुग्रह (कैलास हलवणाऱ्या रावणावर शिवाची कृपा), कल्याणसुंदर (शिवपार्वतीचा विवाह), अंधकासुरवध, नटेश (नृत्य करणारा शिव) हेच विषय. दोन्ही लेण्यांमागे एकच परंपरा आहे याविषयी मला शंका नाही. मात्र धुमार लेण्यातल्या मूर्ती आकाराने मोठ्या असूनही जड वाटतात, आणि घारापुरीच्या शिल्पींना जे साधले ते तिथे साधलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांनी ही ठिकाणे पाहिली आहेत त्यांनी जरूर लिहावे. मतभेद असतील तर अधिक चांगले.

जुनी_मिल

विषय उत्तम काढलात, भुईकोट. मतभेदापासूनच सुरुवात करतो.

नाण्यांवर एवढा भार टाकणे मला धोक्याचे वाटते. कृष्णराजाची नाणी त्याच्यानंतर दीर्घकाळ चलनात होती. नाशिकजवळच्या अंजनेरीला भोगशक्तीचे ताम्रपट मिळाले, ते आठव्या शतकाच्या आरंभीचे आहेत, आणि त्यांत ‘कृष्णराज-रूपक’ या नाण्यांत रकमा सांगितल्या आहेत. राजा जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षे लोटल्यावरही त्याच्या नावाचे नाणे बाजारात चालत असेल, तर बेटावर ते सापडले म्हणून लेणेही त्याच्याच काळातले, असे म्हणता येणार नाही.

दुसरे म्हणजे, कोकणच्या मौर्यांना, म्हणजे तिथल्या स्थानिक राजघराण्याला, आपण अगदीच बाजूला सारले आहे. ऐहोळेच्या मेगुती जिनालयावर रविकीर्तीने रचलेली चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती आहे, शके 556 ची, म्हणजे इ. स. 634 ची. तिच्यात पुलकेशीच्या सैन्याने कोकणातील मौर्यांना उखडून टाकल्याचे आणि ‘पश्चिम समुद्राची लक्ष्मी’ अशी जी पुरी नगरी, तिच्यावर शेकडो नौकांनिशी हल्ला केल्याचे वर्णन आहे. त्या नौकांना कवीने मदमस्त हत्तींच्या कळपाची उपमा दिली आहे, आणि ती पुरी म्हणजेच घारापुरी असे मानणारे अनेक जण आहेत. समुद्रातली ती नगरी जिंकायला आरमार न्यावे लागले, एवढी ती संपन्न होती. मग तिच्या मौर्य राजांनी स्वतःच्या राजधानीत लेणे कोरवले असेल, हे अधिक साधे अनुमान नव्हे काय?

भुईकोट

अंजनेरीच्या ताम्रपटांतील उल्लेख चांदीच्या नाण्यांचा आहे. चांदीचे नाणे त्यातल्या धातूच्या मोलावर चालते, म्हणून राजवंश बदलला तरी ते टिकते. तांब्याच्या हलक्या नाण्याचे तसे नसते. माझा मुद्दा त्या फरकावर उभा आहे.

मौर्यांविषयी मात्र आपले म्हणणे मी पूर्णपणे नाकारत नाही. त्या ‘पुरी’वरून वाद आहेच, कोणी ती राजापुरीच्या खाडीकडे, जंजिऱ्याच्या परिसरात शोधतात. ती घारापुरीच होती असे क्षणभर धरले, तरी प्रशस्तीतील प्रसंग सातव्या शतकाच्या पूर्वार्धातला आहे. त्याच्या आधी दोन-तीन पिढ्या उत्तर कोकणावर कलचुरींचे वर्चस्व होते आणि मौर्य त्यांचे मांडलिक असावेत. स्थानिक सत्ता मौर्यांची, आणि कामाला पैसा व शिल्पी कलचुरींचे, अशीही विभागणी शक्य आहे.

यात एक दुवा पुन्हा आपल्याच बाजूचा आहे. बादामीजवळच्या महाकूटच्या स्तंभावर चालुक्य मंगलेशाने कलचुरी राजा बुद्धराज याचा पराभव केल्याची नोंद आहे. बुद्धराज हा कृष्णराजाचा नातू. म्हणजे ज्या घराण्याकडे या बेटाचे लेणे दिले जाते, त्याचा उतार कसा सुरू झाला हे समजायला सोलापूर-गदग मार्गावरचे बादामी स्थानक गाठावे लागते.

कंबरतलाव

राजवंशांचा वाद रंगला आहे, त्यात थोडा हस्तक्षेप करतो. आम्ही गेलो होतो तेव्हा एका वाटाड्याने सर्व मोडतोड पोर्तुगीजांनी केली, तोफांचा सराव करताना मूर्ती फोडल्या, असे सांगितले. हे कितपत खरे मानावे?

आणि ज्या हत्तीवरून परकीयांनी बेटाला एलिफंटा म्हटले, तो हत्ती बेटावर कुठे दिसला नाही.

जुनी_मिल

हत्ती मुंबईतच आहे. राजबंदरजवळ तो एकाच कातळात कोरलेला होता. 1814 मध्ये त्याचे डोके आणि मान गळून पडली. 1864 मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, उचलताना साखळी तुटली आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणून ठेवले आणि 1914 मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला. आज तो डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात पाहता येतो. घारापुरीचा दिवस ज्यांना पूर्ण करायचा आहे त्यांनी परतताना भायखळ्याला जरूर थांबावे.

पोर्तुगीजांचे म्हणाल, तर 1534 मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसईचा मुलूख त्यांना दिला, त्यात हे बेट गेले. पुढच्याच काही वर्षांत, 1539 मध्ये, जुआंव द कास्त्रु या पोर्तुगीजाने लेण्याचे वर्णन केले आहे, आणि ते तुच्छतेचे नाही, चकित झालेल्या माणसाचे आहे. सैनिकांनी मूर्तींवर नेम धरल्याचे जुने उल्लेख आहेत आणि ते खोटे म्हणण्याचे कारण नाही. परंतु पहिल्या, म्हणजे मुख्य, लेण्यात शतकानुशतके पावसाचे पाणी झिरपत होते, गुरे बांधली जात होती, येणारेजाणारे तुकडे काढून नेत होते. 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी आणि करंजाबरोबर घारापुरीही इंग्रजांकडे कायम झाली, आणि 1875 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या सन्मानार्थ चक्क या लेण्यात मेजवानी झडली. नासाडीचा सगळा दोष एकाच्या माथी मारला की बाकीचे सगळे सुटतात.

एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अनेक खांब पूर्णपणे मोडून पडले होते आणि पुढे ते नव्याने उभे केले गेले. मधल्या काळात छत मात्र जागेवर राहिले. बांधलेल्या देवळात असे होत नाही. लेण्यात खांब भार पेलण्याइतकेच देवळाचा भास निर्माण करण्यासाठी असतात, कारण छत म्हणजे डोंगरच असतो.

हत्तरसंगकर

वरील चर्चा वाचून आनंद झाला, परंतु मूर्तींविषयी कोणीच बोललेले नाही. राजा कोणताही असो, ज्या शिल्पींनी हे घडवले त्यांच्याकडे वळू या.

आज आपण उत्तरेकडून आत जातो. त्यामुळे समोर, दक्षिण भिंतीत, अंधारातून सदाशिवाची, म्हणजे त्रिमूर्ती म्हणून ओळखली जाणारी, ती सुमारे साडेपाच मीटर उंचीची प्रतिमा उमलत जाते, आणि लिंगगाभारा उजव्या हाताला, काहीसा बाजूला पडल्यासारखा राहतो. लेण्याला दोन अक्ष आहेत: एक उत्तर-दक्षिण, सदाशिवाकडे जाणारा, आणि दुसरा पूर्व-पश्चिम, लिंगाकडे जाणारा. पूर्वीचा भाविक पूर्वेच्या प्रांगणातून येत असावा, असे अनेक अभ्यासक मानतात, आणि मलाही तेच योग्य वाटते. त्या वाटेने आलात तर लिंग थेट समोर येते, आणि सदाशिव डावीकडच्या भिंतीत, मागाहून दिसतो. माझी विनंती अशी की आत गेल्यावर त्रिमूर्तीसमोर गर्दीत उभे न राहता आधी पूर्वेच्या प्रांगणात जावे आणि तिथून मागे वळून लेणे पुन्हा पाहावे. सकाळी त्या बाजूचा उजेड आत येतो, त्यामुळे हा खटाटोप सकाळीच करावा.

त्रिमूर्ती म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश, असे अजूनही सर्रास सांगितले जाते. तिन्ही मुखे शिवाचीच आहेत. मधले शांत, डोळे मिटलेले तत्पुरुष. आपल्या डाव्या हाताला मिशा, वाकडी भुवई आणि सर्प असलेले अघोर. उजव्या हाताला कमळ धरलेले, स्त्रीमुखासारखे कोमल वामदेव. आता दोन्ही बाजूंच्या भव्य शिल्पपटांकडे पाहा. अघोराच्या बाजूला अर्धनारीश्वर आहे आणि वामदेवाच्या बाजूला गंगाधर. एकात देह दोन झालेला आहे, दुसऱ्यात पार्वती शेजारी असूनही शिवाच्या मस्तकी गंगा उतरते आहे आणि पार्वतीची मान किंचित वळलेली आहे. ती मान कोरणाऱ्या माणसाला संसार ठाऊक होता.

गंगाधराच्या डोक्यावर गंगा तीन मुखांची दाखवली आहे. ऐहोळेच्या रावणफडी लेण्यातही गंगाधराच्या माथ्यावर तीन नदीदेवता आहेत. एक लेणे तांबूस वालुकाश्मात, दुसरे काळ्या बेसाल्टमध्ये. एक चालुक्यांचे, दुसरे त्यांच्या शत्रूंचे. आणि कल्पना मात्र एकच. राजे लढत होते तेव्हा शिल्पी आणि पाशुपत या शैव पंथाचे आचार्य सीमा ओलांडून ये-जा करत होते, असा याचा अर्थ मी लावतो. उत्तर प्रवेशाजवळचा, कमळावर ध्यानस्थ बसलेला शिव लकुलीशाच्या, म्हणजे पाशुपतांच्या आद्य आचार्याच्या, रूपातला मानला जातो, तो याच पंथाची खूण आहे.

मला सर्वांत आवडणारा पट कल्याणसुंदराचा, म्हणजे शिवपार्वतीच्या विवाहाचा. पार्वती शिवाच्या उजवीकडे उभी आहे, कारण विवाह अजून व्हायचा आहे. तिला पुढे आणणारा पिता हिमालय मागे आहे, ब्रह्मदेव पौरोहित्याला बसला आहे. शिवाचे पाय मोडले आहेत, तरी तिच्या खाली झुकलेल्या नजरेवरून प्रसंग कळतो. तिथून जरा पुढे, त्याच पश्चिम बाजूला, अंधकासुरवधाचा शिव दात विचकून उभा आहे. लग्न आणि वध इतके जवळ ठेवण्यामागे निश्चित विचार असला पाहिजे.

आमच्या गावच्या कूडल संगमाला, भीमा-सीनेच्या संगमावर, 359 मुखे कोरलेले शिवलिंग आहे आणि शके 940 चा मराठी शिलालेख आहे. एक शिव अनेक मुखांत पाहण्याची परंपरा घारापुरीपासून पुढे कशी वाढत गेली, हा स्वतंत्र धाग्याचा विषय होईल. आमच्याकडे लेख राहिला आणि देऊळ गाळात गेले होते, तिकडे लेणे राहिले आणि लेख गेला.

माळरान

मी पक्षी पाहणारा माणूस, म्हणून थोडे लेण्याबाहेरचे लिहितो. विषय सोडून नाही, कारण बेटाचे रूप पाहिल्याशिवाय लेणे तिथेच का कोरले गेले हे नीट कळत नाही.

घारापुरी म्हणजे दोन टेकड्या आणि मधली अरुंद दरी. पश्चिमेच्या टेकडीत शैव लेणी आहेत; पूर्वेच्या टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आणि पाण्याची टाकी आहेत, म्हणून तिला स्तूपाची टेकडी म्हणतात. शैवांच्या आधी इथे बौद्धांचा वावर होता याची ती साक्ष, आणि बहुतेक पर्यटक तिकडे फिरकतही नाहीत. खडक आपल्याच जातीचा, दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट. सोलापूरचा भुईकोट ज्या दगडात उभा आहे त्याचाच हा समुद्राकाठचा भाऊबंद. थर जाड आणि एकसंध मिळाला तर या दगडात बारीक काम टिकते; भेग मिळाली तर पाणी झिरपते आणि चारशे-पाचशे वर्षांत मूर्तीचा हात गळून पडतो. मूर्तींची झीज सर्वत्र सारखी का नाही, याचे बरेचसे उत्तर या भेगांत आहे.

लाँच धक्क्याला लागते तिथून टेकडीच्या पायथ्यापर्यंत लांबच लांब बांध आहे, त्यावरून छोटी रेल्वेही धावते. बांध इतका लांब का, हे ओहोटीच्या वेळी कळते. दोन्ही बाजूंना चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात, त्यांवर तिवरांची श्वासमुळे टोकदार काट्यांसारखी वर आलेली दिसतात, आणि खेकडे टिपणारे बगळे व तुतवार मन लावून काम करत असतात. भरतीला हेच सगळे पाण्याखाली जाते आणि बेट एकदम नीटस, चित्रातल्यासारखे दिसते. मला ओहोटीचे बेट अधिक आवडते, वास सोसला तर.

हिवाळ्यात गेटवेपासूनच कुरव पक्षी लाँचमागे लागतात. लोक त्यांना वेफर आणि फरसाण फेकतात, ते कृपया करू नये. हेच तपकिरी डोक्याचे कुरव आपल्या उजनीच्या पाणफुगवट्यावरही येतात, आणि रोहित पक्षीही शिवडी-उरणच्या चिखलावर आणि उजनीवर, दोन्हीकडे दिसतात. समुद्रावर जाऊन ओळखीचे पाहुणे भेटावेत, तसे होते.

टेकडीवर आंबा, चिंच, करंज, ताड अशी दाट झाडी आहे. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकाने आणि वर ताडपत्री असल्याने ती झाडी दिसत नाही. लेण्यांच्या पुढून तोफांच्या टेकडीकडे जाणारी वाट धरली की दिसते. वर ब्रिटिशकालीन तोफा आहेत, आणि तिथून न्हावा-शेव्याचे बंदर, जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या, तुर्भ्याचा किनारा असा सगळा पसारा नजरेत येतो. सहाव्या शतकातही ही जागा बंदराच्या तोंडाशी होती, आजही आहे. येणारेजाणारे प्रत्येक जहाज या टेकडीवरून दिसत असणार. अशा ठिकाणी राजाने आपल्या देवाचे घर कोरवावे यात आश्चर्य काय?

कंबरतलाव

माळरान यांचे लेखन वाचून बेट न पाहताच परतलो असे वाटले. तिथे वस्तीही आहे ना? तिच्याविषयी कोणी सांगितले नाही.

माळरान

आहे. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आहेत. 1987 मध्ये लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण समोर मुंबई रात्रभर झगमगत असताना या गावांना कायमची वीज मिळायला 2018 साल उजाडले. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून ती आणली गेली. त्याआधी जनरेटरवर संध्याकाळचे काही तास दिवे लागत. लेण्यांवर पाने भरभरून लिहिणारे या गावांना एक ओळ देत नाहीत, हे मला खटकते. महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते, तेव्हा ते लेणे काही तास पुन्हा देऊळ होते.

हुरडा_पार्टी

सर्वांचे आभार. हिवाळ्यात जोडून जायचे ठरवतो आहे. घारापुरी आधी करावी की ऐहोळे-बादामी आधी? आणि व्यावहारिक सूचना असल्यास द्याव्यात.

भुईकोट

आधी ऐहोळे-बादामी, मग वेरूळ, शेवटी घारापुरी, असा क्रम मी सुचवेन. ऐहोळेला रावणफडी आणि टेकडीवरचे मेगुती हे दोन्ही पाहावे. वेरूळला कैलासाच्या गर्दीत दिवस न संपवता एकविसावे आणि एकोणतिसावे लेणे पाहावे. एकोणतिसाव्याशेजारी वेळगंगेचा धबधबा आहे, पावसाळ्याच्या शेवटी गेलात तर तोही मिळेल. हे डोळ्यांत असताना घारापुरीत शिरलात, तर प्रत्येक पटापाशी तुलना आपोआप होऊ लागते.

घारापुरी सोमवारी बंद असते, हे विसरू नका. रविवारी रात्री सोलापूरहून निघालेले कित्येक जण गेटवेवर जाऊन परत फिरतात. शनिवार-रविवार टाळावा, सकाळच्या पहिल्या लाँचपैकी एक धरावी. पावसाळ्यात हवा बिघडली की फेऱ्या थांबतात. माकडे आहेत, पिशवीतले खाणे हातात घेऊन पायऱ्या चढू नयेत.

जुनी_मिल

क्रमाशी सहमत, तांब्याच्या नाण्यांविषयी अजून नाही. ती नाणी बेटावर नेमकी कोणत्या थरात, कशाबरोबर मिळाली याच्या नोंदी असल्याशिवाय मी कृष्णराजाला लेण्याचा कर्ता म्हणणार नाही. ‘कलचुरी काळ’ एवढे म्हणायला तयार आहे.

हुरडा पार्टी, मेगुतीला गेलात तर रविकीर्तीच्या लेखाचे तिरप्या उन्हात जवळून छायाचित्र घ्या आणि इथे टाका. पुरीचा उल्लेख असलेली ओळ आपण सगळे मिळून शोधू, आणि मग मौर्यांचा वाद पुढे नेऊ.